खापर आणि शब्द

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावी जावे आणि एखाद्या वयस्क शेतकऱ्याला गावची जमीन कशी आहे म्हणून विचारावे. तो भूगर्भशास्त्र शिकलेला नसतो. पण जमिनीचे दोन भाग तो चटकन सांगतो. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गाव वसले ती जागा. वतनाच्या जुन्या कागदपत्रांतूनही ही जोडी सर्रास भेटते.

आता मौज अशी की, या मुलखातल्या मातीचा स्वाभाविक रंग काळा. ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची झीज होऊन ती झालेली. मग नेमकी गावाखालचीच माती पांढुरकी का? कारण ती निसर्गाने केलेली नाही. माणसांनी केलेली आहे. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेणाचा सडा, पडक्या भिंतींची माती, हाडे, चुना, धान्याचा कोंडा हे सारे थरावर थर साचत गेले आणि काळ्या रानात पांढरे टेकाड उभे राहिले. पुरातत्त्वाचा अभ्यासक जे कुदळीने आणि सूक्ष्मदर्शकाने सिद्ध करतो, ते आमच्या एका साध्या शब्दाने केव्हाच सांगून ठेवले होते. म्हणूनच उत्खननाजोगी जागा हुडकणारा अभ्यासक महाराष्ट्रात हिंडू लागला की तोही गावकऱ्यांना हीच पुसतपास करतो : "तुमची जुनी पांढरी कोठे आहे?"

एका शब्दाने कुदळीला वाट दाखवावी आणि कुदळीने त्या शब्दाचा अर्थ खरा करून दाखवावा, हे नाते प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषा आणि पुरातत्त्व या दोन विद्या आपण सहसा निराळ्या समजतो. एकीचा पंडित कोशात डोके खुपसून बसलेला, दुसरीचा उन्हात खड्ड्यात उतरलेला. पण भूतकाळाच्या खटल्यात हे दोन्ही साक्षीदार अर्धेमुर्धेच आहेत आणि एकाच न्यायाधीशाने दोघांचीही जबानी ऐकल्याखेरीज निकाल लागत नाही, असे मला म्हणावयाचे आहे.

खापराचेच घ्या. मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारायची तर आपण त्याच्या डोक्यावर खापर फोडतो; आणि पणज्याच्याही पलीकडच्या पूर्वजाला खापरपणजोबा म्हणतो. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. पण मातीचे भांडे एकदा नीट भाजले की त्याचे तुकडे हजारो वर्षे कुजत नाहीत, गंजत नाहीत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तांबूस रंगाची, वर काळी नक्षी काढलेली मडकी निघाली. टिचकी मारली की धातूसारखी खणकन वाजणारी ही भांडी. तशीच पुढे नेवाशाला निघाली, दायमाबादला निघाली, घोड नदीच्या काठी इनामगावला निघाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शेती करून राहणाऱ्या माणसांचा हा वारसा. त्या माणसांची घरे, चुली, कणग्या, जनावरांची हाडे हे सर्व आपणास ठाऊक झाले आहे. त्यांचे मूल दगावले तर ते दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत, हेही ठाऊक झाले आहे. लेकरू घराबाहेर जाऊ नये, असेच त्या आईला वाटले असेल काय? पण त्या लेकराला ती कोणत्या शब्दाने हाक मारीत होती, हे कोणतेही खापर सांगू शकत नाही. खापराला वय असते, पण वाचा नसते.

शब्दाचे उलट आहे. त्याला वाचा असते, पण वय सांगता येत नाही. आजीच्या तोंडचा एखादा शब्द दोनशे वर्षांचा आहे की दोन हजार, हे तो स्वतः होऊन सांगत नाही. तो कोठून आला, वाटेत किती झिजला, हे बाहेरच्या पुराव्याने ठरवावे लागते. म्हणजे एक मुका आणि एक विसराळू असे हे दोन म्हातारे आहेत. दोघांना एकाच ओसरीवर बसवले तरच गोष्ट पुरी होते.

ही ओसरी युरोपात एका विशिष्ट गरजेतून बांधली गेली. ख्रिस्तपूर्व काळात आयर्लंडपासून आल्प्सच्या पलीकडेपर्यंत ज्या केल्टिक भाषा बोलल्या जात, त्या बोलणाऱ्यांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांच्याविषयी लिहिले ते त्यांच्या ग्रीक-रोमन शेजाऱ्यांनी आणि शत्रूंनी. त्यांच्या भाषांपैकी आयरिश, वेल्श, स्कॉटलंडची गेलिक आणि फ्रान्सच्या पश्चिम टोकाची ब्रेतों या भाषा आजही बोलल्या जातात, बाकीच्या विझल्या. तेव्हा या लोकांचा शोध घ्यावयाचा तर एका हाती व्याकरण आणि दुसऱ्या हाती कुदळ घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधील विद्यापीठांत केल्टिक भाषा आणि पुरातत्त्व हे दोन विषय एकाच विद्यार्थ्याने जोडीने शिकण्याची सोय झाली, ती यामुळे.

हे केल्ट लोक आपणास दूरचे वाटतील. पण भाषेच्या नात्याने ते आपले चुलतभाऊ लागतात. संस्कृतच्या कुळात केल्टिक भाषाही बसतात असा तर्क सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यातील व्याख्यानात बोलून दाखवला होता. १८५३ साली त्स्यूस या जर्मन पंडिताने या भाषांचे व्याकरण सिद्ध करून त्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. आयरिश माणूस सहा ते दहा मोजू लागला की ऐकावे : शे, शाख्त, ओख्त, नी, देह. आपल्या सहा, सात, आठ, नऊ, दहा यांची चाल त्यात ओळखू येते. भाऊबिजेच्या ताटापुढे बसणाऱ्या भावाचा संस्कृतातला 'भ्रातृ' आणि त्यांचा जुना 'ब्राथिर' हे एकाच घरचे. त्यांचा 'री' म्हणजे आपला राजा. आणि एक चाल तर थक्क करणारी आहे. आयर्लंडच्या जुन्या कायद्यात धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसून आपले येणे वसूल करी. पेशवाईतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नसते, तो म्हणाला असता, "धरणे धरून बसला, एवढेच ना?" माइल्स डिलन या आयरिश पंडिताने संस्कृत आणि केल्टिक या दोन्हींचा अभ्यास करून अशा साम्यांवर जो ग्रंथ लिहिला, तो १९७५ साली शिमल्याच्या संस्थेने प्रसिद्ध केला.

कुदळ आणि व्याकरण यांची गाठ कशी पडते याचे एक सुरेख उदाहरण त्यांच्याकडचेच आहे. १८९७ साली फ्रान्समध्ये कोलिन्यी या गावी काशाच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. लिपी रोमन, पण भाषा रोमन लोकांची नव्हे. ती गॉल प्रदेशातील लुप्त केल्टिक भाषा. तुकडे जुळवल्यावर कळले की हे पाच वर्षांचे पंचांग आहे! महिन्याचे दोन पक्ष पाडलेले, आणि चंद्र-सूर्याचा मेळ राहावा म्हणून पाच वर्षांत दोन अधिक महिने घातलेले. आश्विन वद्यात सुरू होऊन कार्तिक शुद्धात संपणारी दिवाळी साजरी करणाऱ्या आपल्या घरात याचे मर्म कोणाला फोडून सांगावयास नको. पण लक्षात घ्या, भाषा न जाणणाऱ्या खणकाच्या हाती तो पत्रा म्हणजे मोडच होती. आणि पत्राच निघाला नसता तर भाषापंडिताच्या हाती काहीच नव्हते.

याच केल्टिक मुलखातून एक वाट पुण्याला आली. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाचा एक प्रचंड किल्ला आहे. त्याला दगडी तट नाही. मातीचे एकामागे एक बांध आणि त्यांमधले खंदक. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात तो शंभरपटीने मोठा झालेला कल्पावा! रोमन लोक येण्यापूर्वीच्या ब्रिटन लोकांचा तो किल्ला, आणि त्यांची भाषा केल्टिक. १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. थर मोजून, चौकोन आखून, प्रत्येक खापराची जागा टिपून खणण्याची शिस्त त्यांनी तेथे घालून दिली. त्या खड्ड्यांत शिकावयास उतरलेल्यांत एक हिंदी तरुण होता : हसमुख धीरजलाल सांकलिया. १९३६ साली लंडनची डॉक्टरेट घेऊन ते परतले.

इकडे पुण्यात डेक्कन कॉलेज बंद पडले होते. १८२१ साली स्थापन झालेल्या पाठशाळेतून वाढलेले हे कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात झगडले, आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. या संस्थेची मांडणी करणाऱ्यांनी भाषाशास्त्र आणि प्राचीन इतिहास-पुरातत्त्व हे विभाग एकाच छपराखाली ठेवले. भाषेच्या बाजूला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाच्या बाजूला सांकलिया, आणि माणसांची कुळे, नातीगोती धुंडाळणाऱ्या इरावती कर्वे याही तेथेच. कत्र्यांनी कोंकणीची घडण उकलली आणि संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोश हाती घेतला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. सांकलियांनी जोर्वे, नाशिक, नेवासे खणले. पण त्यांनी नुसती मडकीच मोजली असे नाही. गुजरातेतील कोरीव लेखांतून येणारी गावांची आणि माणसांची नावे गोळा करून त्यांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. खणणारा माणूस शब्दांच्या मागे लागला, तो असा. १९९० साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तेथे आजही या दोन विद्या एकाच आवारात नांदतात.

या जोडविद्येने मराठवाड्यात काय दिले, ते आता पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने आपल्या व्यापाराच्या पुस्तकात दक्षिणेतली दोन मोठी शहरे नोंदवली आहेत : पैठण आणि तेथून दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. पैठण त्याने प्रतिष्ठान असे लिहिलेले नाही. 'पैथान' असे लिहिले आहे. म्हणजे पोथीत प्रतिष्ठान असले तरी दोन हजार वर्षांपूर्वी बाजारातला माणूस जवळजवळ आपल्यासारखेच पैठण म्हणत होता! ते असो. प्रश्न तगराचा होता. हे तगर कोणते? कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली फ्लीट यांनी बोट ठेवले ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावावर.

तगर आणि तेर यांत साम्य काय, असे वाटेल. येथे व्याकरण कामाला येते. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधले क, ग, च, ज, त, द हे वर्ण झिजून जातात. नगराचे 'णअर' होते. आणि संगमनेर, पारनेर, पिंपळनेर या गावांच्या शेपटीला तेच 'नेर' होऊन राहते. जे नगराचे झाले तेच तगराचे होणार : तगर, तअर, तेर. नियम एकच. पण नियमाने जुळले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. त्यावर कुदळीची मोहोर पडावी लागते. तेरच्या पांढरीने ती दिली. रोमन व्यापाराच्या खुणा तेथे मुबलक निघाल्या. आणि तेथली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीत पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीच्या कुळातली दिसते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले. तेव्हा काळाचाही प्रश्न उरला नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या डोक्यावर थापटून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे सांगणाऱ्या त्या कुंभाराच्या गावातच एका शब्दाचेही मडके पक्के ठरावे, हा योग पाहण्यासारखा आहे.

मात्र कानाला गोड लागले म्हणून व्युत्पत्ती मानू नये. आमच्या जिंतूरचेच पाहा. तेथल्या जुन्या जैन वारशामुळे, विशेषतः शेजारच्या नेमगिरीच्या लेण्यांमुळे, गावाचे नाव 'जिन' शब्दाशी जोडले जाते. पण शेवटचा 'ऊर' कोणाचा? 'पूर' शब्दातला प झिजूनही ऊर होतो. आणि कानडी, तेलुगू, तमिळ या भाषांत ऊर म्हणजेच गाव. नुसता शब्द हातात घेऊन या दोहोंत निवाडा होत नाही. जुना लेखच लागतो. लातूरच्या बाबतीत तो आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला 'लत्तलूरपुराचे' अधिपती म्हणवतात. येथे ऊरही आहे आणि त्याच्यापुढे पूरही आहे! एकाच नावात दोन्ही असल्यावर हा ऊर पुराची झीज नव्हे, हे उघड झाले. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा तो दगड बोलला म्हणून आज आपण असे म्हणू शकतो.

गोदाकाठी भाषांची ही सरमिसळ फार जुनी आहे. पैठणच्या सातवाहन राजांची रुप्याची मुखवट्याची नाणी पाहिली तर एका बाजूला प्राकृत अक्षरे : 'सिरि' आणि 'पुत'. नाणे उलटावे तो दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा : तेथे 'तिरु' आणि 'मकण', म्हणजे तोच श्री आणि तोच पुत्र. एक राजा, एक नाणे, दोन भाषा. अशोकोत्तर लिपी वाचणारा आणि दक्षिणेच्या भाषा जाणणारा माणूस त्या जागी एकच नसता, तर त्या नाण्याची एक बाजू कायम आंधळी राहिली असती.

आणि खास परभणीची साक्ष हवी असेल तर तीही आहे. 'परभणी ताम्रपट' या नावाने इतिहासकार ओळखतात तो लेख शके ८८८, म्हणजे इ. स. ९६६ चा. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातील अरिकेसरी राजाने सोमदेवसूरी या जैन पंडिताला, आपल्या वडिलांनी बांधलेल्या जिनालयासाठी, 'वनिकटुपुलु' नावाचे गाव दिले, असे त्यात आहे. हे सोमदेवसूरी म्हणजे संस्कृतातील 'यशस्तिलक' या काव्याचे कर्ते. याच घराण्याच्या आधीच्या एका अरिकेसरीच्या पदरी पंप हा कानडीचा आदिकवी होता. वेमुलवाडा आज तेलंगणात आहे. म्हणजे पाहा : कानडी कवीला आश्रय देणारे घराणे, संस्कृत लिहिणारा आचार्य, तेलुगू वळणाच्या नावाचे गाव, आणि त्या दानाचा पत्रा मराठी परभणीच्या नावाने ओळखला जाणारा! तांब्याचा पत्रा हातोहाती प्रवास करतो. गावाचे नाव मात्र आपल्या भाषेला चिकटून राहते. पत्रा जेथे मिळाला तेथलेच ते दान, असे मानणारा केवळ खणक फसला असता. वनिकटुपुलु हे नाव ऐकून थबकतो तो भाषेचा अभ्यासक.

उलट बाजूही सांगावयास हवी. महानुभावांची 'स्थानपोथी' वाचावी. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागा त्यात नोंदल्या आहेत. देऊळ कोणत्या तोंडाचे, मठ कोणत्या दिशेला, हे सारे जुन्या मराठीत. भक्ताने भक्तीने केलेली ती टाचणे आज पुरातत्त्वज्ञाला नकाशासारखी उपयोगी पडतात. पण तो नकाशा वाचावयाचा तर तेराव्या-चौदाव्या शतकातली मराठी यावयास हवी. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली प्राचीन मराठी कोरीव लेख एकत्र करून प्रसिद्ध केले आणि पुढे अॅन फेल्डहाउस यांच्यासह जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला, तो १९९९ साली बाहेर पडला. दगड वाचणाऱ्यानेच कोश करावा, यात केवढे शहाणपण आहे!

एक इशारा मात्र विसरू नये. खापर सारखे म्हणून भाषा सारखी, असे म्हणता येत नाही. केल्टिक म्हणून नावाजलेली नक्षी जेथे जेथे सापडली तेथे तेथे केल्टिक भाषाच बोलली जात होती, असे एके काळी गृहीत धरले जाई. आता तेथील पंडित तसे म्हणावयास कचरतात. माणूस दागिना बाजारातून आणतो, भाषा आईकडून घेतो. आज आपल्या घरात परदेशी बनावटीचा फोन आहे म्हणून आपण परदेशी भाषा बोलतो काय? हा विवेक दोन्ही विद्या शिकलेल्याच्याच अंगी येतो. एकच शिकलेला दुसरीविषयी फार लवकर विश्वास ठेवतो.

आता हे सारे सणासुदीला का सांगावयाचे? कारण दोन्ही साक्षीदार आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांवर पांढरी माती पसरण्याची रीत. ती माती गावोगावच्या टेकाडांतून आणि गढ्यांतून नेली गेली. पूर्वी ती टोपल्यांनी जाई, आता यंत्राने ट्रॉल्या भरतात. आणि तिच्याबरोबर हजार-दोन हजार वर्षांचे थर एका दुपारी नाहीसे होतात. दुसरीकडे, शेताशेताला असलेली नावे, नदीच्या डोहांची नावे, मोटेच्या आणि तिफणीच्या भागांची नावे, ही ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. गटनंबर आले आणि शेतांची नावे गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण दर्जा भाषेला मिळतो, शब्द मात्र एकेक करून राखावे लागतात.

तेव्हा या दिवाळीत फराळाचे ताट पुढे असताना घरातल्या मुलाने वही काढावी आणि आजोबांना विचारावे : आपल्या शेताला काय म्हणत? त्या ओढ्याला? त्या टेकाडाला? आजीला विचारावे, जात्याच्या, उखळाच्या, चुलीच्या भागांना काय काय नावे होती? ती जशी उच्चारतील तशीच लिहावी. शुद्ध करू नयेत, कारण त्या अशुद्धातच इतिहास असतो. आणि गावाबाहेरच्या पांढरीवर नक्षीचे खापर दिसले तर स्वतः खणू नये. जागा नोंदून जाणत्यांना कळवावे. जमिनीत पुरलेले धन सापडले तर कलेक्टरांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे. सोनाराच्या मुशीत गेलेले नाणे पुन्हा कोणत्याही भाषेत बोलत नाही.

अशी वही आणि असा डोळा घेऊन वाढलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी उद्या विद्यापीठाच्या दारात उभी राहील. तिला विचारले जाईल, भाषा घेणार की पुरातत्त्व? तिने निःशंकपणे दोन्ही मागावीत. चारठाण्याच्या यादवकालीन देवळांपासून गंगाखेडच्या गोदाघाटापर्यंत तिच्या जिल्ह्यात तिच्यासाठी काम पडले आहे. 'ठाण' म्हणजे स्थान आणि 'खेड' म्हणजे खेट, एवढी सुरुवात तर गावांच्या नावांनीच करून दिली आहे.